बारा तारांच्या गिटारची किणकिण कुठून येते आणि कुठे हरवते

तुमच्या प्रश्नातलं ‘मला तसा जँगली (इंग्रजीत jangly, म्हणजे किणकिणता) आवाज हवाय’ हे वाक्य मी आधी ‘जंगली’ असंच वाचलं. गंमत म्हणजे पुढे तुम्ही जे वर्णन केलंय ते जंगलीच आहे. मामांची बारा तारांची अकुस्टिक गिटार माळ्यावरून काढली, नव्या तारा चढवल्या, सहा तारांवर सात वर्षं बसलेला हात आहे, आणि तरी जी, सी, डी, ई मायनर वाजवलं की ‘भजनी मंडळात सगळ्यांच्या हातात एकदम झांजा दिल्यासारखं’ होतं. साठच्या दशकातल्या फोक-रॉकमध्ये ऐकू येते ती किणकिण काही येत नाही. म्हणून विचारताय, कुठल्या वेगळ्या कॉर्ड शिकू, आणि कोरस पेडल घेऊ का.

पेडल नको. ते दोन सुरांमधला जो बारीक फरक विजेच्या जोरावर तयार करतं, तो तुमच्या गिटारवर फुकट मिळतो. कॉर्डचं उत्तर मात्र लांब आहे. कारण मला तुमची अडचण कॉर्ड कमी पडण्याची वाटत नाही, स्वर जास्त होण्याची वाटते. सहा तारांवर कॉर्ड ‘भरून’ वाजवायची सवय आपल्या हाताला लागलेली असते. बारा तारांवर वाद्य ती आधीच भरून देतं. त्यात आपण आणखी भर घातली की झांजा.

मी पुण्यात बावीस वर्षं गिटार शिकवते आहे, आणि त्यातली बरीच वर्षं घरात एक बारा तारांची आहे. तेव्हा खाली जे लिहिते ते माझ्या हाताला सापडलेलं आहे. तुमची गिटार मी पाहिलेली नाही. तुम्ही एकटे गाताना वाजवणार की बँडमध्ये, गाणाऱ्याची पट्टी कोणती, बोटं किती रुंद, यावर यातलं काही बदलेल. जिथे बदलेल तिथे सांगते.

सुरुवात गिटारच्या तब्येतीपासून. माळ्यावरची म्हणालात म्हणून. सहा तारांच्या हलक्या सेटचा एकूण ताण ७० किलोच्या आसपास असतो, बारा तारांचा १०० च्या बराच पुढे जातो. एवढं ओझं ती पातळ फळी वर्षानुवर्षं ओढून धरते. ब्रिजच्या, म्हणजे तारा जिथे अडकवतात त्या फळीवरच्या पट्टीच्या, मागच्या कडेखाली व्हिजिटिंग कार्डाचं टोक सरकवून बघा. आत शिरलं तर तारा आजच सैल करा आणि दुरुस्ती करणाऱ्याकडे न्या. ब्रिजमागची फळी पोट सुटल्यासारखी फुगलेली दिसत असेल तरी तेच. माझी पहिली बारा तारांची मी एका मे महिन्यात पूर्ण ताणात भिंतीला टेकवून महिनाभर गावी गेले होते. परत आले तर ब्रिजचं एक टोक सुटलेलं. दोष माझाच होता.

तेव्हापासून माझी गिटार कायम एक पूर्ण स्वर खाली लावलेली असते: ईच्या जागी डी, एच्या जागी जी, असं सगळ्या तारांचं. मग दुसऱ्या फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या म्हणजे फ्रेट) कॅपो, हा सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, म्हणजे स्वर जागच्या जागी परत येतात. तारेचा ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे एक स्वर खाली आलं की ताण जवळजवळ २० टक्क्यांनी उतरतो. अर्धाच स्वर उतरलात तर ११ टक्क्यांनी. गिटार जगते, बोटांनाही दाबायला हलकं जातं. पावसाळ्यात पुण्याच्या दमट हवेत लाकूड फुगून तारा फ्रेटपासून वर येतात, तेव्हा हे विशेष जाणवतं. पुढे मी जे फ्रेट आणि स्वर सांगते ते कॅपोला शून्य धरून.

आता सूर लावणं. हे कंटाळवाणं आहे, पण झांजांचा अर्धा आवाज इथूनच येत असतो. बारा तारा म्हणजे सहा जोड्या. पहिल्या आणि दुसऱ्या जोडीत दोन्ही तारा एकाच स्वरात. तिसरी ते सहावी या जोड्यांत एक नेहमीची तार आणि दुसरी तिच्यापेक्षा एक सप्तक वर. तुम्ही ट्यूनर लावून एकेक करत बारा तारा लावता असं लिहिलंय. मी तसं करत नाही. आधी प्रत्येक जोडीतली एक तार बोटाने बंद ठेवून नेहमीच्या सहा तारा ट्यूनरवर लावते, सहा तारांची गिटारच आहे असं समजून. मग ट्यूनर बाजूला ठेवते आणि उरलेली प्रत्येक तार तिच्या जोडीदाराशी कानाने जुळवते.

सवाई गंधर्व महोत्सवाच्या मंडपात मैफल सुरू होण्याआधी तानपुरे लागताना ऐकले असतील. मधल्या दोन तारा, ज्यांना जोडीच म्हणतात, त्या एकाच षड्जात मिळवायच्या असतात. जवळ येईपर्यंत आवाजात एक हेलकावा ऐकू येतो, वॉव-वॉव-वॉव. जुळत आलं की हेलकावा संथ होतो आणि शेवटी विरतो. इथेही नेमकं तेच ऐकायचं. एक तार सेकंदाला ४४० कंपनांवर आणि दुसरी ४४१ वर असेल तर सेकंदाला एक हेलकावा येईल. चार-पाच येत असतील तर ते चार जोड्यांत मिळून झांजा होतात. हेलकावा अगदी शून्य करायचा अट्टाहास मात्र धरू नका. बोट दाबल्यावर बारीक आणि जाड तार सारख्या चढत नाहीत, म्हणून थोडा फरक राहणारच, आणि त्या फरकालाच आपण गोड म्हणतो. खुल्या तारा जुळल्या की डीची कॉर्ड धरून एकदा तपासा. बोटं घट्ट आवळू नका, आवळली की बारीक तारा आधी बेसूर होतात. बोटाचं टोक रोवण्याऐवजी किंचित आडवा गर टेकवलात तर जोडीतल्या दोन्ही तारा एका बोटाखाली बसतात.

आता मुख्य मुद्दा. तो मला स्वतःला उमगायला लाज वाटावी इतकी वर्षं लागली.

एका विद्यार्थिनीला मी डीची कॉर्ड आणि तिचं नेहमीचं रूप दाखवत होते: करंगळीने पहिल्या तारेवर तिसरा फ्रेट दाबायचा, डी सस फोर होतो, उचलायचा, पुन्हा डी. सहा तारांवर हा बदल लख्ख ऐकू येतो कारण तो सगळ्यात वरच्या स्वरावर होतो. बारा तारांवर ती म्हणाली, ‘मॅडम, बदललं कुठे?’ मी वाजवून पाहिलं. बदलत होतं, पण आत कुठेतरी. वर दुसराच एक स्वर ठाम उभा होता.

तो स्वर तिसऱ्या जोडीचा होता. सहा तारांच्या गिटारवर सगळ्यात उंच खुला स्वर पहिल्या तारेचा, ई, ३३० कंपनांच्या आसपास. बारा तारांवर मात्र तिसऱ्या जोडीतली ‘जी’ स्वराची सप्तकी तार ३९२ वर असते. म्हणजे गिटारच्या मधोमध, पहिल्या तारेपेक्षाही वर. डीच्या कॉर्डमध्ये तीच तार दुसऱ्या फ्रेटवर दाबलेली असते, म्हणजे ४४० चा ए. पहिली तार तिच्या खाली एफ शार्प वाजवतेय. करंगळी टाकून तुम्ही त्याचा जी केलात, तरी वरचा ए हलत नाही. सहा तारांवर बसलेला आपला कान ‘सगळ्यात वरची चाल पहिल्या तारेवर’ असं धरून चालतो आणि इथे फसतो.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिल्या तारेवर केलेला बदल आतल्या आवाजात होतो, वर एक स्वर ठेका धरून असतो. आणि बदल वर, ठळक ऐकू यावा असं वाटत असेल तर तो तिसऱ्या जोडीवर करायचा. माझ्या मते फोक-रॉकचं सगळं व्याकरण या दोन वाक्यांत बसतं. एकेका बोटाची हालचाल, बाकी तारा जशा वाजताहेत तशा वाजू द्यायच्या.

डीपासूनच बघू. आकडे फ्रेटचे, सहाव्या, म्हणजे जाड तारेच्या बाजूने, ० म्हणजे खुली जोडी, आणि × म्हणजे ती जोडी वाजवायची नाही. डी असा: ×-×-०-२-३-२. डीला सा माना. मग खालून वर सा, प, सा, ग असे स्वर झाले. करंगळी टाकली, ×-×-०-२-३-३, तर गचा म. पहिल्या तारेवरचं बोट पूर्ण उचललं, ×-×-०-२-३-०, तर गचा रे. म्हणजे डी सस टू, डी, डी सस फोर ही भारदस्त नावं बाजूला ठेवली तर तुम्ही पहिल्या जोडीवर रे-ग-म फिरताय आणि वर तिसऱ्या जोडीचा प अखंड वाजतोय. एखादी छोटी ओळ आधी गुणगुणून मग याच तीन स्वरांत बसवा. ग-म-ग-रे-ग एवढीच पुरे. डी न सोडता पूर्ण एक ओळ निघते.

आता डी आहे तसाच धरा आणि फक्त तिसऱ्या जोडीवरचं बोट उचला: ×-×-०-०-३-२. वरचा प खाली येऊन म झाला. आणि पहिली तार अजून ग वाजवतेय. ग आणि म शेजारी-शेजारी, अर्ध्या स्वराच्या अंतरावर, दोघेही खणखणीत. कागदावर हे खटकायला हवं. बारा तारांवर ते चमकतं. फार वेळ थांबू नका, एक मात्रा द्या आणि परत प वर या.

डीचा आकार या गिटारवर इतका का वाजतो त्यालाही कारण आहे. चौथ्या जोडीतली खुली सप्तकी तार आणि दुसऱ्या जोडीच्या दोन्ही तारा तिसऱ्या फ्रेटवर, या तिन्ही अगदी एकाच डीवर येतात. एका स्वरावर तीन तारा. सहा तारांवर हे होतच नाही.

हाच हिशोब जीवर करून बघा, म्हणजे तुमच्या झांजा कुठून येतात ते दिसेल. जी असा धरा: ३-२-०-०-३-३. बारा तारांतून निघतं काय? वरचा जी तीन तारांवर, त्याच्या खालचा डी तीन तारांवर, मधला जी दोन तारांवर, आणि तळाचा जी व खालचा डी एकेका तारेवर. इथवर सुंदर. उरल्या पाचव्या जोडीच्या दोन तारा, दोन्हींवर बी. खालच्या सप्तकात, जाड तारेवरचा हा तिसरा स्वर सगळं चिखल करतो. तो काढून टाका. सहाव्या जोडीवर तिसरा फ्रेट दाबणाऱ्या बोटाची कड पाचव्या जोडीला हलकी टेकवली की ती मुकी होते: ३-×-०-०-३-३. आता फक्त जी आणि डी उरले. नावाला ही कॉर्ड अर्धवट आहे, मेजर की मायनर तेही कळत नाही. पण गाणाऱ्याचा गळा ते सांगतोच. ही एक गोष्ट आज संध्याकाळी करून बघा. माझ्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचा चेहरा इथे बदलतो.

जीमधली ती दोन बोटं, दुसऱ्या आणि पहिल्या जोडीवर तिसऱ्या फ्रेटची, न उचलता पुढे जाता येतं. ई मायनर सेव्हन ०-२-२-०-३-३. सी ॲड नाइन ×-३-२-०-३-३. ए सेव्हन सस फोर ×-०-२-०-३-३. डी सस फोर ×-×-०-२-३-३. वरच्या चार तारा एकच सूर धरून राहतात आणि खालचं घर बदलत जातं. हे कुटुंब पुण्यातल्या कुठल्याही गिटार क्लासच्या दारात उभं राहिलात तरी ऐकू येईल, इतकं घासून गुळगुळीत झालंय. बारा तारांवर ते शोभतं हे खरं, पण अख्खं गाणं त्यावर काढू नका. चौथ्या-पाचव्या ओळीला कान झोपतो. मध्येच एकदा करंगळी काढून खराखुरा डी द्या, ग ऐकू येऊ द्या, म्हणजे खिडकी उघडल्यासारखं होतं.

मला स्वतःला तिसऱ्या जोडीवरचे बदल जास्त आवडतात, आणि त्यांच्याबद्दल कमी सांगितलं जातं. ए मायनर ×-०-२-२-१-० मधून तिसऱ्या जोडीचं बोट उचला, ×-०-२-०-१-०, झाला ए मायनर सेव्हन. सहा तारांवर हा बदल इतका मवाळ असतो की श्रोत्याला कळतही नाही. इथे वरच्या सप्तकात एचा जी होताना घंटा हलल्यासारखं ऐकू येतं. ई मायनर ०-२-२-०-०-० मध्ये उलट करा, तिसऱ्या जोडीवर दुसरा फ्रेट टाका: ०-२-२-२-०-०. जीचा ए झाला, काढलात की परत जी. सी ×-३-२-०-१-० मध्येही तिथेच दुसरा फ्रेट टाकता येतो, ×-३-२-२-१-०. एफ पूर्ण बार धरून (एका बोटाने सगळ्या तारा आडव्या दाबून) वाजवायच्या फंदात पडू नका, चारच जोड्या घ्या, ×-×-३-२-१-०, आणि तिसरी जोडी उघडी-बंद करा. आता ई मायनर, सी, ए मायनर, एफ असे फिरा आणि प्रत्येक कॉर्डवर तिसऱ्या जोडीचं ए-जी एवढंच करत राहा. खाली कॉर्ड बदलताहेत, वर तेच दोन स्वर डोलताहेत. दोनच स्वर, पण दर वेळी खालच्या कॉर्डमुळे त्यांचा अर्थ बदलतो. कोणी खोलीत आलं तर विचारेल की दुसरी गिटार कोण वाजवतंय.

बी मायनर आडवा आला की लोक बारला घाबरतात आणि बरोबर घाबरतात. बारा तारांवर बार म्हणजे मनगटाशी वैर. त्याऐवजी बी मायनर सेव्हन ×-२-०-२-०-२ घ्या, मधल्या दोन खुल्या जोड्या उलट किणकिण वाढवतात. बाकी वेळा कॅपो सरकवा. सातव्या फ्रेटवर कॅपो लावून डीचा आकार वाजवलात तर ए मिळतो, आणि आवाज थेट मँडोलिनच्या घराण्यात जाऊन बसतो. कॅपो फ्रेटला चिकटून लावा आणि लावल्यावर सूर पुन्हा तपासा, कारण जाड आणि बारीक तारेवर त्याचा दाब सारखा पडत नाही.

एक आकार मी राखून ठेवला होता. ई मेजर ०-२-२-१-०-० धरा. तीन बोटांचा तो आकार न मोडता वर सरकवा: ०-७-७-६-०-०. आणखी दोन फ्रेट: ०-९-९-८-०-०. सहावी, दुसरी, पहिली या जोड्या खुल्याच. पहिला ई, दुसरा ए आणि तिसरा बी, पण तिन्हींत ई आणि बीच्या खुल्या तारा तानपुऱ्यासारख्या मागे. इथेही तिसऱ्या जोडीवर कान ठेवा, कारण सरकताना सगळ्यात वरची चाल तीच काढते. सरकवताना बोटं तारांवरून पूर्ण उचलू नका, हलकी टेकवून न्या. थोडा घसरण्याचा आवाज येतो, येऊ द्या.

डावा हात झाला. इथवरचं एका ओळीत: जोड्या कानाने मिळवा, खालचे जाड स्वर कमी करा, एका वेळी एकच बोट हलवा, आणि वरची चाल ऐकायची ती तिसऱ्या जोडीत.

उजव्या हाताबद्दल तुम्ही काहीच विचारलेलं नाही, पण निम्मी गोष्ट तिथे आहे. बहुतेक बारा तारांच्या गिटारवर सप्तकी तार अंगठ्याच्या बाजूला असते. म्हणजे हात वरून खाली येताना आधी बारीक तार लागते, मग जाड. खालून वर जाताना उलट. त्यामुळे वरून खालचा फटका इथे उजळ लागतो. सहा तारांवर आपण उजळपणासाठी वरचा फटका वापरतो, ती सवय जरा सोडावी लागते. बाराही तारांवरून पूर्ण झाडू फिरवायचा नाही. खाली येताना खालच्या तीन-चार जोड्या, वर जाताना वरच्या तीन. प्लेक्ट्रम, म्हणजे तारा छेडायची चकती, पातळ घ्या, ०.६ ते ०.७३ मिलिमीटरचा. एक मिलिमीटरचा जाड प्लेक्ट्रम बारीक तारांवर टकटक करतो.

ज्या आवाजाच्या मागे तुम्ही आहात, तो मुळात इलेक्ट्रिक बारा तारांचा आहे, हेही लक्षात ठेवलेलं बरं. रिकनबॅकर कंपनीने १९६३ च्या सुमारास बारा तारांची इलेक्ट्रिक गिटार बनवली, आणि १९६४ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कमध्ये तिच्या पहिल्यावहिल्या नगांपैकी एक बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनच्या हातात पडला. ती पडद्यावर पाहून रॉजर मॅग्विननेही तीच घेतली, आणि १९६५ मध्ये त्याच्या बर्ड्‌स या बँडने जो आवाज ऐकवला त्यालाच पुढे लोक जँगल म्हणू लागले. रिकनबॅकरवर जोडीतल्या तारांचा क्रम उलटा असतो: वरून येताना आधी जाड, मग सप्तकी. आणि मॅग्विनच्या आवाजात कॉम्प्रेसरचा हात मोठा होता. कॉम्प्रेसर सुरुवातीचा टोला दाबतो आणि मागची शेपूट उचलतो, म्हणून प्रत्येक स्वर लांबत जातो. अकुस्टिकवर ते हुबेहूब येणार नाही. पिकअप (तारांचा आवाज ॲम्प्लिफायरकडे नेणारं यंत्र) बसवलेली असेल आणि पैसे खर्च करायचेच असतील तर कोरसऐवजी कॉम्प्रेसर घ्या. पण आधी नाही.

मॅग्विनकडून घेण्यासारखं आणखी एक आहे, आणि त्याला पैसे लागत नाहीत. तो शिकागोच्या ओल्ड टाउन स्कूल ऑफ फोक म्युझिकमध्ये शिकलेला, बँजोचा हात असलेला माणूस. प्लेक्ट्रम अंगठा आणि तर्जनीत, आणि मधल्या बोटावर व अनामिकेवर धातूच्या नख्या, असं धरून तो बँजोसारखे रोल, म्हणजे एकापाठोपाठ फिरत राहणारे सुटे स्वर, वाजवायचा. नख्या नसल्या तरी चालतील, थोडी वाढलेली नखं पुरतात. डी धरा. प्लेक्ट्रमने चौथी जोडी, मधल्या बोटाने दुसरी, अनामिकेने पहिली. आठ मात्रांत असं वाजवा: ४-२-१, ४-२-१, ४-२. पायाने मात्र चार-चारच द्यायचं, कहरव्यासारखं. हात ३-३-२ म्हणतोय आणि पाय ४-४, त्यामुळे प्लेक्ट्रमचा वजनदार स्वर कधी ठेक्यावर पडतो, कधी ठेक्याच्या आधी. पहिले दोन दिवस पाय हाताच्या मागे धावतो. तालाच्या बाबतीत माझे गायन-वादन दोन्ही शिकलेले विद्यार्थी हे चटकन उचलतात, नुसते गिटारवाले अडकतात.

रोल स्थिर झाला की मगच रे-ग-म आणा, आणि बदल नव्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर न टाकता दुसऱ्या ‘४-२-१’ मधल्या १ वर टाका. तिसऱ्या जोडीचे बदल वाजवताना मधलं बोट दुसऱ्या जोडीवरून तिसरीवर न्या, ४-३-१.

कुठे वाजवणार यावर शेवटी बरंच अवलंबून आहे. एकटे गात असाल तर सहावी आणि पाचवी जोडी लागतील, नाहीतर गाणं हवेत तरंगतं. तेव्हा पहिल्या मात्रेला एकच खालचा टोला द्या आणि उरलेला वेळ वर राहा. बँडमध्ये बेस गिटार आणि दुसरी अकुस्टिक असेल तर खालच्या दोन जोड्या विसरा. कॉलेजात फिरोदिया करंडक या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या नाटकाच्या तालमीत मी हौसेने बाराही तारा झोडत होते, आणि कीबोर्डवाला रोज म्हणायचा की मला माझाच आवाज येत नाही. वरच्या चार जोड्यांवर आले तेव्हा त्याची तक्रार थांबली आणि मीही पहिल्यांदा ऐकू आले. त्याच नाटकात भर प्रयोगात माझी जीची सप्तकी तार तुटली. सगळ्यात आधी तीच तुटते. एवढ्या लांबीवर एवढा उंच स्वर म्हणजे पोलादाच्या मर्यादेच्या जवळ जाणं आहे. जाड तार लावून फायदा नसतो. जाडी वाढली की तोच स्वर काढायला ताणही तारेच्या छेदाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाढतो, आणि दर चौरस मिलिमीटरवरचं ओझं होतं तेवढंच राहतं. एक स्वर खाली लावण्याचा फायदा इथे पुन्हा दिसतो.

आठवडाभर फक्त डी आणि पाचवी जोडी मुकी केलेला जी एवढंच वाजवा, रोलवर. मग तिसऱ्या जोडीकडे या. आणि तारांच्या दुकानात जाल तेव्हा पूर्ण सेटबरोबर ०.००८ किंवा ०.००९ इंचाची सुटी साधी तार दोन नग मागून घ्या, गिटारच्या बॅगेत राहू द्या.